दाबशास्त्री

मुंबईच्या उपनगरांतील गगनचुंबी सोसायट्यांत, अगदी वरच्या मजल्यावर, वाऱ्यापोटी आणि दूरवर लकाकणाऱ्या खाडीपोटी चौरस फुटामागे ज्यादा दर मोजून स्थायिक झालेले एक सेवानिवृत्त गृहस्थ हटकून असतात. त्यांच्या माघारी सारी इमारत त्यांना दाबशास्त्री म्हणते. त्यांच्या शॉवरला पाणी येत नाही असे मुळीच नाही. ते येते, परंतु सरकारी कचेरीतून थकबाकीची रक्कम सुटावी तशा अनिच्छेने, हप्त्याहप्त्याने येते, आणि डोक्यावर साबणाचा फेस झाला रे झाला की नेमके थबकते, अशी त्यांची कैफियत असते.

ही कैफियत ऐकण्याचे मुक्रर ठिकाण म्हणजे लिफ्ट. दर 10 मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो दाब पडतो. गच्चीवरची टाकी आपल्या शॉवरच्या जेमतेम 3 मीटर वर असल्याने आपल्या वाट्याला त्याचा एक-तृतीयांशही धड येत नाही. उलट 60 मीटर खाली राहणाऱ्या मंडळींकडे तेच पाणी 6 किलोच्या जोराने नळ फोडायला उठते आणि त्याला आवरण्यासाठी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात, हे सर्व ते तळमजला येईपर्यंत विनासायास सांगून संपवितात. वरच्यांचा दाब खालच्यांवर असावयाचा, हा त्यांचा नोकरीतला उभ्या जन्माचा अनुभव. पाण्याने मात्र तो दाब खालच्यांच्याच पदरात टाकावा, ही निसर्गाची बेअदबी त्यांना सहन होत नाही.

वर्षानुवर्षे जमा झालेले अर्ज, स्मरणपत्रे आणि चिटणिसांचे त्रोटक जबाब त्यांनी तारीखवार लावून ठेवले आहेत. एका वहीत, 10 लिटरची बादली शॉवरखाली भरावयास किती मिनिटे लागली, याच्या नोंदी असून त्यांपुढे वेळ, ऋतू आणि ‘टँकर आला होता’ किंवा ‘महापालिकेचे’ असे शेरेही आहेत. वरच्या दोन मजल्यांच्या वाहिनीला गच्चीवर प्रेशर पंप बसवावा, ही त्यांची मागणी. आणि माझ्या मते ती रास्त आहे. परंतु सर्वसाधारण सभेत तो विषय निघाला, की ‘पंपाच्या विजेचे बिल आम्ही का भरावे?’ असा खालच्या मजल्यांचा एकमुखी सवाल येतो, आणि चिटणीस तोडगा म्हणून मोठी टाकी बसविण्याची तजवीज सुचवितात. दाब टाकीच्या आकारावर नसून पाण्याच्या उंचीवर असतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सिद्ध करूनही चिटणिसांपर्यंत पोहोचू नये, या विचाराने शास्त्रीबुवा कपाळाला हात लावून खाली बसतात.

अखेर एके दिवशी, दुसऱ्याच कोणाच्या गळक्या फ्लशसाठी आलेला एक पोरगेला प्लंबर त्यांच्या तावडीत सापडला. त्याने गणित ऐकून घेतले नाही. ‘काका, जरा बाजूला व्हा,’ एवढेच म्हणून त्याने पान्याने शॉवरचे तोंड उतरविले, तळहातावर आपटले, आणि आतल्या जाळीतून गंजाचे कण व टँकरच्या बोअरच्या पाण्याने साठविलेला पांढरा क्षार भुरुभुरू पडला. ते तोंड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवून तो गच्चीवर गेला. टाकी धुवावयास आलेल्यांनी मुख्य वाहिनीचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडून ठेवला होता. तो त्याने पुरता फिरविला. शास्त्रीबुवांचे सूत्र बिनचूक होते, पण टाकीची उंची मोजताना त्यांनी नळाच्या तोंडात कधी डोकावले नव्हते. पाणी धो धो नव्हे, तरी सज्जनासारखे सलग पडू लागले. ते पाहून त्यांचा चेहरा जो उतरला, तो एखादा जुना दिवाणी दावा अकस्मात आपसांत मिटल्यावर वकिलाचाच उतरावा. ‘ही तात्पुरती मलमपट्टी आहे,’ असा शेरा मात्र त्यांनी त्याच दिवशी वहीत नोंदविला.

मी अभिनंदनासाठी वर गेलो, तेव्हा वहिनींनी चहा पुढे ठेवीत हळूच सांगितले, ‘भावजी, ह्यांना शॉवर कुठे सोसतो? डोकं धरतं. ह्यांची आंघोळ जन्मभर बादली नि तांब्यानेच.’ शास्त्रीबुवांच्या कानी हे पडले नाही. ते तेव्हा पंपाच्या ठरावाला अनुमोदक मिळवावा म्हणून लिफ्टने खाली चालले होते.