खुळ्यांचे उपकार

वीजदराच्या सुनावणीला जाणारा माणूस खुळा, असं शहाण्यांचं मत आहे. शेकडो पानांची दरवाढीची याचिका वाचायची, आक्षेप लिहायचा, रजा टाकून सुनावणीत बोलायचं. आणि दर कमी झालाच, तर तो घरी बसलेल्या शेजाऱ्यालाही तितकाच कमी! हे खूळ मला फार मोलाचं वाटतं. २००० साली महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगापुढे अशाच मंडळींनी वीजगळतीच्या हिशेबाचा मुद्दा लावून धरला. वीज मंडळ वीस टक्क्यांच्या आत सांगत आलेली गळती तीसच्या वर निघाली. या फरकाची वीज शेतीपंपांच्या खात्यावर खपवली जात होती.

याहून मोठं खूळ म्हणजे आयोगाच्या खुर्चीत कोण बसणार, हे विचारणं. २००३च्या वीज कायद्याप्रमाणे राज्य आयोगात अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तिघं. त्यांना निवडणारी समितीही तिघांचीच: उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष. समिती प्रत्येक जागेसाठी दोन नावं देते आणि त्यातलं एक राज्य सरकार उचलतं. आता महावितरण या वीज वितरण कंपनीची मालकी कोणाची? सरकारचीच. म्हणजे दर वाढवून मागणारी कंपनी ज्याची, निवाडा करणाऱ्याच्या नेमणुकीवर शेवटची सही त्याचीच. म्हणून निवड उघड्यावर व्हायला हवी. चुकीचा माणूस नेमला गेला, तर पुढची पाच वर्षं कितीही चोख आक्षेप लिहा, ते वाचणारा तोच असतो.

विचारल्याने फरक पडतो. ग्राहकांची संघटनाही पक्षकार असलेल्या खटल्यात १२ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आयोगात कायद्याचा जाणकार किमान एक सदस्य असलाच पाहिजे. तोवर कित्येक आयोग त्याच्याविना निवाडे देत होते.

सदस्याची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सरकारने निवड समितीकडे प्रकरण पाठवावं, असं कायदा सांगतो. तारीख आधीच ठाऊक असते. त्या दिवसापासून माहिती अधिकारात अर्ज करावेत: प्रकरण पाठवलं का? कोणती दोन नावं आली? एक का निवडलं, दुसरं का नाही? हे विचारणारी खुळी माणसं प्रत्येक जिल्ह्यात हवीत. शहाणे बिल आल्यावर चिडतात. तोवर ते ठरवणारे नेमून झालेले असतात.