उसाचं वेळापत्रक

१४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचं नाही, असा आपला कायदा आहे. २०१६ साली तो सगळ्या धंद्यांना लागू झाला आणि त्याच दमात त्यात एक फट ठेवली गेली: घरच्यांना मदत केली तर चालेल, शाळा बुडवू नये म्हणजे झालं. २०१७च्या नियमांनी त्या फटीला घड्याळ बसवलं. शाळेच्या वेळात मदत नाही आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मदत नाही.

शाळा दहा ते पाच. उरले सकाळचे दोन तास, संध्याकाळचे दोन.

आता दसऱ्याला बीडहून निघून सांगलीकडच्या उसाच्या फडात झोपडीवजा कोपीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीला हे वेळापत्रक कोणीतरी नीट समजावून द्या. पहाटे चारला आईबाप कोयता घेऊन ऊस तोडायला निघाले की धाकटा हिच्या ओटीत. तो रडला तर आठपर्यंत नुसतं बघत बसायचं. झोळीला झोका दिला की ती मदत झाली. आठ वाजले की हंडा उचलायचा, पाणी आणायचं, उसाचे वाढे गोळा करायचे. दहाला शाळेत. शाळा गावाकडे, तीनेकशे किलोमीटरवर, पण टायरगाडीचे बैल धडधाकट असले तर परीक्षेपर्यंत पोचेलही. पाचला सुटली की पुन्हा फडात मोळ्या बांधायला, आणि सातच्या ठोक्याला अर्धी बांधलेली मोळी तिथेच टाकून द्यायची. मध्यरात्री ट्रक भरायला आला तर ड्रायव्हरला सांगायचं, 'काका, आठनंतर या.' तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं; तेव्हा त्यालाही एक प्रत द्या नियमांची.

इथवर हसता येतं. पुढे नियम असाही आहे की मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी वर कळवायचं. काय कळवायचं? मजूर नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल पावसाळ्यातच घरोघर पोचलेली असते, दसऱ्यानंतर दिवसाढवळ्या ट्रक भरभरून गावं रिकामी होतात, आणि पाच-सहा महिने निम्मा वर्ग ओस असतो. हे कळायला पत्र लागतं? आणि मोजणी! ४ जुलै २०१५ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजली, बोटांना शाई लावून. जुलैत! ऊसतोडीवरची सगळी पोरं गावी असतात तेव्हा! पुराची पातळी बघायला मे महिन्यात नदीवर जाणारी ही माणसं.

मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पोरीची नोंदच नाही. जोडप्याने एक दिवस दांडी मारली की खाडा कापतात. पोरीच्या सहा महिन्यांच्या खाड्याचे पैसे कोणाकोणाच्या पगारातून कापायचे, ती यादी माझ्याकडे तयार आहे. संपादक छापत नाहीत.