बिनपगारी वशिला

आमच्या ग्रुपवर नोकरी नसलेली माणसं नोकरी नसलेल्या माणसांना नोकरी कशी मिळवावी हे शिकवतात. यात हसण्यासारखं काही नाही. नोकरी असलेल्याला एवढा वेळ कुठून असणार?

मी भोसरीतल्या एका कारखान्यातून व्हीआरएस घेऊन घरी बसलेला माणूस. आयुष्यभर क्वालिटीत काढलं. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेला पार्ट व्हर्नियरने मोजायचा आणि त्यावर लाल खूण करायची, हा माझा धंदा. रेझ्युमे तपासणाऱ्या स्वयंसेवकांत माझी भरती त्यामुळे फारशी चर्चा न होता झाली.

रात्री अकराच्या सुमारास कुणीतरी पीडीएफ टाकतं. खाली ‘प्लीज रिव्ह्यू’ आणि जोडलेले हात. पहिलं काम मजकूर वाचण्याचं नसतंच, ती फाइल आधी काढायला लावण्याचं असतं. कारण तिच्यात जन्मतारीख, वडिलांचं नाव, ‘मारुती मंदिरासमोर’पर्यंतचा पत्ता आणि वर आधार क्रमांकही असतो. शेकडो अनोळखी माणसांसमोर एवढं मांडलं की दोन दिवसांत फोन येतो, ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे, फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे भरा.’ नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा नोकरी देत नसतो, हे आम्ही इतक्यांदा सांगतो की ते ग्रुपचं ब्रीदवाक्य व्हायला हरकत नाही.

मग सल्ले सुरू होतात. न्यू जर्सीचे एक काका आहेत. ते म्हणतात, फोटो काढ, वय काढ, लग्न झालंय की नाही ते काढ. त्यांचं चूक नाही. तिकडे भेदभावाचा आरोप नको म्हणून कंपन्यांना फोटोवाला कागद हातातही नको असतो. लगेच स्टुटगार्टची ताई सांगते, फोटो ठेव, नीट स्टुडिओत जाऊन काढ. तिचंही बरोबर. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर जर्मनीत फोटोची सक्ती करता येत नाही, तरी लावण्याची रीत टिकून आहे. दोघांची रात्रभर जुंपते आणि मूळ उमेदवाराला अर्ज करायचा असतो चाकणला, जिथे गेटवरचा सिक्युरिटीवालाच दोन पासपोर्ट फोटो मागून घेतो.

तिसरा कीवर्डवाला. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि माणसाची पाळी नंतर येते, हा त्याचा एकमेव आणि खरा सिद्धान्त. दोन रकाने, तक्ते, चित्रं असली की काही सॉफ्टवेअरच्या वाचण्यात गोंधळ होतो आणि डिप्लोमाचं वर्ष मोबाइल नंबरला जाऊन चिकटतं. हे सांगावंच लागतं, कारण फुकट मिळणारे नमुने नेमके तसलेच असतात. डाव्या रकान्यात निळा पट्टा, त्यात तारे. इंग्रजी चार तारे, टीमवर्क पाच तारे, मराठी साडेतीन. मराठीचा दीड तारा कुठे गेला, असं मी एकाला विचारलं. म्हणाला, सर, शुद्धलेखन.

एका अमेरिकन नोकरीच्या संकेतस्थळाने २०१८ साली भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला होता. एका रेझ्युमेवर पहिली नजर सरासरी ७.४ सेकंद टिकते, असं त्यात निघालं. तेवढ्या वेळात कुणाला दिसणारही नाही अशा स्वल्पविरामावर आम्ही दोन दिवस भांडतो. एकदा एका मुलाने घाईत चुकून लग्नाचा बायोडेटा टाकला. रास, नाडी, मामांचं कूळ, सगळं साग्रसंगीत. आमच्यातल्या एकाने तोही तपासला. ‘अपेक्षा: अनुरूप, नोकरी करणारी, शक्यतो पुण्यातली’ या ओळीपुढे त्याचा शेरा होता, ‘लोकेशन प्रेफरन्स स्पष्ट आहे. छान.’

माझी मेव्हणी एका कंपनीत एचआरमध्ये आहे. तिला हा सगळा प्रकार अजिबात पसंत नाही. “भाऊजी, तुम्ही लोक आमचं काम वाढवता,” ती म्हणते. “कागदावर एक माणूस येतो आणि खुर्चीत भलताच बसतो. ज्याला स्वतःबद्दल एक पान लिहिता येत नाही, त्याला मी काम कसं देऊ?”

मी तिला लिओनार्दो दा विंचीचं उदाहरण दिलं. बायकोच्या माहेरच्यांशी वाद घालताना परदेशी माणूस बरा पडतो. साधारण १४८२ च्या सुमारास लिओनार्दोने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे कामासाठी पत्र तयार केलं. हलके पूल बांधतो, तोफा बनवतो, झाकलेले युद्धरथ करतो, अशी लढाईची कामं आधी ओळीने सांगितली आणि आपल्याला चित्रंही काढता येतात हे अगदी शेवटी. समोरच्याला काय हवंय ते वर घ्यावं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पण गंमत पुढेच आहे. त्या पत्राचा जो मसुदा उरलाय, त्यातलं अक्षर लिओनार्दोचं नाही, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे कुणीतरी लिहून दिलंय!

“त्याला चित्रं काढता येत होती,” मेव्हणी म्हणाली. यावर उत्तर नव्हतं.

पण तिच्या मूळ प्रश्नाला आहे. कोथरूडातल्या मुलाचा रेझ्युमे कोण लिहितं? त्याची आत्या आयटीत मॅनेजर असते, मामा रविवारी जेवायला आला की पान उलटून सांगतो, ‘हे वर घे, ते काढ.’ त्याला कुणी मदत म्हणत नाही, घरचं वळण म्हणतात. आणि ज्याच्या घरात आजवर कुणी रेझ्युमे लिहिलाच नाही, त्याने कुणाला विचारायचं? तो तालुक्याच्या सायबर कॅफेत जातो. पूर्वी तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले लोक अर्ज लिहून देत. ते निदान ‘नाव काय, काम काय’ एवढं तरी विचारायचे. सायबर कॅफेवाला आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडतो आणि नाव बदलतो. एकाच तालुक्यातल्या मुलांच्या रेझ्युमेत मला ‘छंद: पोस्टाची तिकिटं जमवणे’ सापडायला लागलं, तेव्हा माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. एकाच डायमधून निघालेल्या पार्टवर बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार कड, एकाच जागी येतो. चौकशी केली तर एकाही मुलाने आयुष्यात तिकीट जमवलेलं नव्हतं. बसचंसुद्धा नाही, पास होता.

तेव्हा मदत करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्यांना वशिला नाही त्यांचा आम्ही बिनपगारी वशिला आहोत. माझी तक्रार आमच्याच लोकांबद्दल आहे. यांना सुधारायला सांगितलं की हे लिहायलाच बसतात. पूर्वी त्यासाठी थोडं इंग्रजी यावं लागायचं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तीही अडचण गेली. आता कालच पास झालेला मुलगासुद्धा ‘स्पिअरहेडेड’ केल्याशिवाय काही करत नाही.

उदगीरकडच्या एका मुलाचा रेझ्युमे आला, इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्याचा. कागद इतका गुळगुळीत की बोट घसरावं. ‘चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’मध्ये ‘रेप्युटेड ऑर्गनायझेशन’च्या प्रगतीला हातभार लावणे हे ध्येय, एमएस-सीआयटी, आणि छंद म्हणून वाचन, संगीत. मी त्याला फोन लावला.

“सुट्टीत काय करतोस रे?”

“काही नाही सर. काकांच्या दुकानात असतो.”

“कसलं दुकान?”

“मोटार रिवाइंडिंगचं.”

उन्हाळ्यात रात्री कमी दाबाने वीज येते, शेतकरी मोटार चालू ठेवून झोपतो आणि सकाळी ती जळालेली घेऊन दुकानात येतो. हा मुलगा नववीपासून त्या मोटारी खोलतो. मी विचारलं, मोटार का जळाली ते कसं ओळखतोस? तो कंटाळल्यासारखा म्हणाला, “कॉइल बघायच्या सर. स्टारमध्ये असेल आणि दोन फेजच्या कॉइल काळ्या, एक कोरी असेल तर एक फेज गेलेला असतो. सगळ्या सारख्या काळ्या असतील तर लोड जास्त.” चारचौघा इंजिनिअरांना जे मुलाखतीत सुचत नाही ते हा पोरगा शेंगदाणे खात सांगत होता.

“मग हे कागदावर का नाही?”

“ते काय लिहायचं सर, ते घरचं काम.”

मी म्हटलं, तेच लिही, साध्या भाषेत, आणि किती अश्वशक्तीच्या मोटारी ते घाल. त्याने लिहिलं. दुर्दैवाने ग्रुपवरही टाकलं. सकाळपर्यंत आमच्या मंडळींनी त्या ओळीचं सोनं केलेलं होतं: ‘स्पिअरहेडेड एंड-टू-एंड रिस्टोरेशन ऑफ क्रिटिकल ॲग्रिकल्चरल ॲसेट्स.’ आणि या सगळ्याच्या तळाशी आपल्याकडे असते ती शपथ, ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’, तारीख, ठिकाण, सही. लिहिणारे दहा-बारा जण आणि शपथ घेणारा तो एकटा. मी त्याला सांगितलं, जी ओळ तुला तोंडाने म्हणता येणार नाही ती काढून टाक. तो म्हणाला, “सर, सगळ्यांनी एवढा वेळ दिलाय, वाईट दिसेल.” ओळ राहिली.

मुलाखत चाकणला झाली. समोर मेंटेनन्सचे साहेब बसलेले, साताऱ्याकडचे. त्यांनी कागद लांब धरून वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, “ॲग्रिकल्चरल ॲसेट्स म्हणजे काय?”

“विहिरीतली मोटार, सर.”

त्यापुढे म्हणे रेझ्युमे कुणी पाहिला नाही. साहेबांची गावाकडची मोटार दर उन्हाळ्यात जळते. केबल कितीची टाकलीय, स्टार्टर कुठला आहे, पॅनलवर व्होल्टेज किती येतं, हे सगळं मुलाने विचारलं आणि साहेबांनी सांगितलं. अर्धा तास मुलाखत उलटी चालली. शेवटी साहेबांनी त्याचा नंबर कंपनीच्या फॉर्मवर लिहून घेतला आणि स्वतःच्या मोबाइलमध्येही घातला.

मी फोनवर विचारलं, “मग? काय म्हणाले?”

“नोकरीचं एचआर कळवेल म्हणाले, सर. मोटार बघायला शनिवारी बोलावलंय.”