सोनेरी नसलेला पूल आणि इतर थापा

जुलैत कॅलिफोर्नियाला निघालेला माणूस बॅगेत स्वेटर टाकायला लागला की घरातले हसतात. हसू द्यावं. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, समुद्र आणि चड्डीतली माणसं, हे त्यांनी सिनेमात पाहिलेलं असतं, आणि तो सिनेमा लॉस एंजेलिसचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोत जुलैच्या दुपारी पारा विसाच्या आसपास रेंगाळतो आणि वर असा वारा सुटतो की टोपी उडाली तर तिच्यामागे धावायचं नाही, नवी घ्यायची. किनाऱ्यालगतचं पाणी थंडगार आणि आतल्या खोऱ्यात रणरणतं ऊन. तिकडची तापलेली हवा वर गेली की समुद्रावरचं धुकं गोल्डन गेटच्या फटीतून शहरात ओढलं जातं. या धुक्याला तिथल्या लोकांनी ‘कार्ल’ असं नाव ठेवलंय. फिशरमन्स व्हार्फवरच्या दुकानांत शहराचं नाव छापलेल्या जाड हुडींच्या थप्प्या लागलेल्या असतात. लोक त्या आठवण म्हणून घेतात असा समज आहे. घेणाऱ्यांचे वाजणारे दात ऐकले की तो जातो. खरा उन्हाळा हवा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. या शहराला तो तेव्हा आठवतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडची ही मोठी शहरं एकजात थापाडी आहेत, एवढं पक्कं धरून निघालात तर सहल झकास होते. थापा मारणारा एखादा मामा प्रत्येक घराण्यात असतो. त्याला आपण पैसे उसने देत नाही, पण लग्नकार्यात त्याच्याच शेजारची खुर्ची पकडतो. या शहरांशी तसंच वागावं.

पहिली थाप गोल्डन गेट ब्रिज. तो सोनेरी नाही, हे प्रत्येक कुटुंबातला एक सदस्य पुलावर उभं राहून मोठ्याने जाहीर करतो. गोल्डन गेट हे मूळ खालच्या सामुद्रधुनीचं नाव. पूल आला १९३७ साली. रंगाचं म्हणाल, तर पोलाद कारखान्यातून आलं तेच तांबड्या प्रायमरमध्ये, आणि आर्किटेक्ट आयर्विंग मॉरो यांच्या ते डोळ्यांत भरलं. नौदलाला पूल काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा हवा होता. तसं झालं असतं तर आपल्या मुंबईकरांनी पुलालाच हात दाखवून ‘दादर?’ असं विचारलं असतं. पूल सकाळी धुक्यात पूर्ण गायब असतो. त्याचा वरचा टोकाचा भाग तेवढा दिसला तरी फोटो काढून घ्या. बाबा म्हणतील, ‘चहा पिऊन येऊ, तोवर निघेल धुकं.’ चहा होतो. धुकं तिथेच असतं.

केबल कार ही मात्र थाप नाही. १८७३ साली अँड्र्यू हॅलिडी यांनी ती सुरू केली आणि आजही रस्त्याखाली अखंड फिरणारा पोलादी दोर लांबलचक दांड्याने पकडून ती चढ चढते. दोर सोडून ब्रेक लावला की गाडी थांबते. एवढं सोपं यंत्र पाहून आपल्याकडच्या प्रत्येक निवृत्त इंजिनियरच्या अंगात वारं शिरतं आणि तो ग्रिपमनला, म्हणजे दांडा ओढणाऱ्याला, प्रश्न विचारू लागतो. ग्रिपमन दोन्ही हातांनी दांड्याशी झुंजत असतो. त्याला सोडून द्यावं. पॉवेल स्ट्रीटच्या टोकाला गाडी हाताने ढकलून फिरवतात, तिथे तासभराची रांग असते. कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या गाडीला फारसं कुणी नसतं. गाडी तीच, दोर तसाच, चढही तेवढाच, फक्त ‘आम्ही रांगेत किती वेळ उभे होतो’ हे सांगायचं सुख हुकतं.

लोम्बार्ड स्ट्रीटवर आठ वळणं आहेत आणि ‘जगातला सर्वात वाकडा रस्ता’ अशी त्याची ख्याती आहे. त्याच शहरातला व्हर्मोंट स्ट्रीट मोजमापात याच्याहून वाकडा भरतो, पण तिथे फुलझाडं नाहीत, म्हणून पर्यटकही नाहीत. घाटातून एसटीने गेलेल्या माणसाने लोम्बार्डवर फार वेळ घालवू नये. तो वेळ अल्कट्राझला द्या. हे १९३४ ते १९६३ पर्यंतचं केंद्रीय तुरुंगाचं बेट; तिकिटं मुंबईतूनच, काही आठवडे आधी काढा. आत कानाला लावायला यंत्र देतात आणि त्यावर खुद्द जुन्या पहारेकऱ्यांचे आणि कैद्यांचे आवाज ऐकू येतात. कैद्यांना आंघोळीला गरम पाणी मिळायचं. थंड पाण्याची सवय लागली तर पोहून पळतील, ही भीती होती म्हणे. हे ऐकून एका काकूंनी काकांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात सोलापुरातली कित्येक वर्षांची गीझरची मागणी होती.

गाडी भाड्याने घेतली असेल तर तिच्यात काहीही दिसेल असं ठेवू नका. या शहरात काच फोडून सामान नेणाऱ्यांचा सुळसुळाट आहे आणि ते भाकरवडीची पिशवी आणि लॅपटॉपची पिशवी यांत भेदभाव करत नाहीत.

आता अंतरांबद्दल. अमेरिकेत राहणारा भाचा एक एक्सेल शीट पाठवतो. त्यात सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, लास व्हेगास, सिएटल आणि ‘जाता जाता’ ग्रँड कॅनियन असं सगळं एका आठवड्यात बसवलेलं असतं. त्या ‘जाता जाता’वर लाल शाईने काट मारा. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस आतल्या रस्त्याने सहाशे किलोमीटर. समुद्राकाठच्या हायवे वनने जायचं तर निदान एक मुक्काम हवाच, कारण बिग सरच्या कड्यांवर प्रत्येक वळणाला ‘थांब, थांब’ अशी हाक मागच्या सीटवरून येते. सिएटल तर उलट्या दिशेला, तेराशे किलोमीटर. तिथे विमानाने जा. शीटमध्ये झोपेचा रकाना नाही, याकडे भाच्याचं लक्ष वेधा.

लॉस एंजेलिसमध्ये अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही, मैलातही नाही, मिनिटांत सांगतात.

‘अरे, मघाशी तू वीस मिनिटं म्हणालास.’

‘आई, ते मघाशी होतं.’

हे संभाषण चारशेपाच नंबरच्या फ्रीवेवर, शेजारच्या पाच लेन्स ठप्प असताना, रोज कितीतरी भाषांत होत असावं. या शहराला मध्य नाही. आपण गाव म्हटलं की चौक, पुतळा, बाजारपेठ शोधतो. इथे सगळीकडे कडाच आहेत. बेव्हर्ली हिल्स आणि सँटा मोनिका तर वेगळीच शहरं, आपापल्या महापौरांसकट. आणि पार्किंगच्या खांबावर एकाखाली एक लावलेल्या पाट्या वाचायला कुटुंबातल्या वकिलाला सोबत न्या. मंगळवारी आठ ते दहा झाडू, चार ते सात बंदी, परवानाधारकांना सूट. शेवटच्या पाटीपर्यंत पोहोचेतो पहिल्या पाटीची वेळ सुरू झालेली असते.

हॉलिवूड ही या शहरातली सर्वात मोठी थाप, आणि ती थाप म्हणून अव्वल दर्जाची आहे. डोंगरावरची ती पांढरी अक्षरं १९२३ साली उभी राहिली ती प्लॉट विकायला. तेव्हा तिथे ‘हॉलिवूडलँड’ असं होतं. बिल्डरची जाहिरात, दीडेक वर्ष टिकावी एवढ्याच बेताने लावलेली. शेवटचा ‘लँड’ १९४९ साली काढला आणि जाहिरातीचं तीर्थक्षेत्र झालं. मूळ अक्षरं कुजली, तेव्हा १९७८ मध्ये देणग्या गोळा करून नवी बसवली. एका ‘ओ’चे पैसे गायक अ‍ॅलिस कूपर यांनी दिले. हिंजवडीच्या टेकडीवरची ‘सर्व सोयींनी युक्त टू बीएचके’ ही पाटी शंभर वर्षांनी बघायला परदेशातून माणसं येतील का, या विचाराने मन क्षणभर हेलावतं.

स्टुडिओ म्हणाल तर बहुतेक हॉलिवूडमध्ये नाहीतच. डिस्ने आणि वॉर्नर बरबँकला, सोनी कल्व्हर सिटीत, युनिव्हर्सल स्वतःच्याच नावाच्या गावात. हॉलिवूडमध्ये मोठ्यांपैकी उरला तो एकटा पॅरामाउंट. ऑस्कर ज्या थिएटरात देतात त्याचा दरवाजा मॉलला लागून आहे. बाहेर फुटपाथवर ताऱ्यांत नावं कोरलेली. खाली मान घालून चालताना ओळखीचं नाव सापडेपर्यंत दोन स्पायडरमॅन आणि एक मळकट मिकी गळ्यात हात टाकून फोटोला उभे राहतात आणि मग पैसे मागतात. हात टाकायच्या आधी नमस्कार करा आणि पुढे चला. अर्धा तास पुरे.

त्याऐवजी ग्रिफिथ ऑब्झर्व्हेटरी. माझ्या मते या शहरात एकच जागा बघायची झाली तर ही. ज्या ग्रिफिथ यांनी १८९६ साली तिच्याभोवतीचं तीन हजार एकरांचं रान शहराला दान दिलं, त्यांनी १९०३ साली बायकोवर गोळी झाडली. ती एक डोळा गमावून वाचली, ते तुरुंगात गेले. सुटल्यावर त्यांनी वेधशाळेसाठी पैसे देऊ केले, पण ते घ्यावेत की नाही यावरच वाद रंगला. शेवटी ते वारल्यावर मृत्युपत्रातल्या पैशांतून १९३५ साली ती उभी राहिली. प्रवेश फुकट, आणि रात्री आकाश निरभ्र असेल तर दुर्बिणीतून बघणंही फुकट. गच्चीवरून सूर्यास्ताला ते अफाट, मध्य नसलेलं शहर दिवे लावताना दिसतं. वर फ्रीवेचा आवाज येत नाही. गेटी सेंटरचंही तसंच: चित्रं बघायला पैसे नाहीत, गाडी उभी करायला आहेत. व्हॅन गॉगच्या आयरिस फुलांसमोर उभं राहून ‘पार्किंगचे वसूल झाले’ असं म्हणणारे आपले लोक मला परके वाटत नाहीत.

सँटा मोनिकाच्या धक्क्यावर ‘रूट सिक्स्टी-सिक्स इथे संपतो’ अशी पाटी आहे. तो रस्ता खरं म्हणजे आत लिंकन आणि ऑलिंपिक या रस्त्यांच्या नाक्यावर संपायचा. पण नाक्यावर समुद्र नाही, त्यामुळे पाटीने आपली सोय पाहिली.

लास व्हेगासबद्दल थोडक्यात, कारण ते शहर स्वतःबद्दल भरपूर बोलतं. ज्या स्ट्रिपवर आपण राहतो ती बहुतांशी लास व्हेगासमध्ये नाहीच. कायद्याने ती पॅराडाइज नावाच्या वेगळ्या वस्तीत येते. शहराचे कर टाळायला कसिनोवाल्यांनी १९५० साली लावलेली ही तजवीज. ‘वेलकम’वाली प्रसिद्ध पाटीसुद्धा हद्दीबाहेरच. समोरचं हॉटेल पाच मिनिटांवर दिसतं, ते दिसण्यापुरतंच. इमारती एवढ्या अजस्र की अंतराचा अंदाज फसतो, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. इथला आयफेल टॉवर मूळच्या निम्म्या उंचीचा. व्हेनिसचा कालवा दुसऱ्या मजल्यावर. खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी नावाचं आणखी एक भाडं लागतं, तुम्ही पोहलात किंवा नाही. बेलाजिओची कारंजी फुकट आहेत, ती पोटभर बघा. ग्रँड कॅनियनची दिवसाची सहल घ्यायची असेल तर नेमका कुठला काठ दाखवणार, ते विचारा: काचेचा पूल हुआलापाई लोकांच्या जमिनीवरच्या वेस्ट रिमला आहे, आणि कॅलेंडरवरचा देखावा बहुधा राष्ट्रीय उद्यानातल्या साउथ रिमचा असतो. तिकडे जायलाच साडेचार तास लागतात.

सिएटलची थाप उलट्या जातीची: ते उगीच बदनाम आहे. पावसाचं शहर म्हणे! वर्षभरात पडतो साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जवळपास तेवढा एकट्या जुलैत कोसळतो. सिएटलचा पाऊस दीडशे दिवस नुसता भुरभुरतो, आणि स्थानिक लोक छत्री उघडत नाहीत. तुम्ही उघडलीत की ते तुम्हाला ओळखतात. जुलै-ऑगस्ट तर कोरडेठाक.

पाइक प्लेस मार्केटमध्ये मासे विकणारे गिऱ्हाइकाचा मासा हवेतून एकमेकांकडे फेकतात. मालवणी माणूस हे पाहून आधी चकित होतो आणि मग माशाचे डोळे बघतो. शेजारी ‘पहिलं स्टारबक्स’ म्हणून रस्त्यापर्यंत रांग असते. पहिलं दुकान १९७१ साली थोडं पलीकडे उघडलं होतं. ते हललं आणि इथे आलं. खालच्या गल्लीत लोकांनी चघळून चिकटवलेल्या च्युइंगमची भिंत आहे. २०१५ मध्ये ती खरवडली तेव्हा टनभर च्युइंगम निघालं, आणि लगेच पुन्हा सुरुवात झाली. आईला तिकडे नेऊ नका. तिला बेनब्रिजच्या फेरीत बसवा: पस्तीस मिनिटांचा प्रवास, पायी प्रवाशाला जातानाच तेवढं तिकीट, येताना काही नाही. हे कळल्यावर आई आणखी एक फेरी मारायला निघेल.

फेरीच्या डेकवरून दक्षिणेकडे माउंट रेनियर दिसतो. जवळजवळ चौदा हजार चारशे फुटांचा बर्फाळ ज्वालामुखी. मात्र तो दिसायचा दिवस तोच ठरवतो. तो नसला की सिएटलमधला जावई ढगांकडे बोट दाखवून ‘तिथे आहे, बाबा, अगदी तिथेच’ असं इतक्या खात्रीने सांगतो की बाबा मान डोलावतात. फोटो काढा, फॅमिली ग्रुपवर टाका, खाली ‘माउंट रेनियर’ असं लिहा. नाशिकच्या आत्याचा अंगठा दोन मिनिटांत येतो आणि पाठोपाठ प्रश्न: ‘किती छान! वर मंदिर आहे का?’