कॅप्टन, नवापूर आलं का?

कॅप्टनने खराखुरा विमानप्रवास एखाददुसराच केलेला असतो, तोही मधल्या सीटवर बसून. तरी सुरत विमानतळाची धावपट्टी २,९०५ मीटर लांब आहे, तिचं एक टोक डुमसच्या समुद्राकडे आणि दुसरं वेसूकडे, वेसूकडून उतरायचं तर वाटेत उंच इमारती आडव्या येतात, हे सगळं त्याला तोंडपाठ. सुरतेला तो सुरत म्हणत नाही. वैमानिकांच्या जगात या विमानतळाची चार अक्षरं ‘व्हीएएसयू’. म्हणून ‘व्हिक्टर अल्फा सिएरा युनिफॉर्म’. रिक्षावाल्याशी बोलताना तेवढं आवरतो.

दिवसा हा गृहस्थ रिंग रोडवरच्या कापड मार्केटात जीएसटीचे रिटर्न भरतो. रात्री जेवणं उरकली की मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरचा ताबा घेतो, टेबलाच्या कडेला जॉयस्टिक लावतो आणि सेसना १७२ चं इंजिन सुरू करतो. उधना, लिंबायत, डिंडोली या खानदेशी वस्तीत असा एक तरी नमुना सापडतोच. उड्डाणाआधीची तपासणी तो मोठ्याने वाचतो: ब्रेक, इंधन, फ्लॅप. शेवटी एक कलम त्याने स्वतःचं घातलेलं असतं: म्हैस. हसू नये. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी संध्याकाळी याच धावपट्टीवर उड्डाणासाठी धावणारं प्रवासी विमान खरोखरच म्हशीला धडकलं होतं. प्रवासी सुखरूप राहिले, म्हैस गेली, आणि कॅप्टनच्या यादीत एक ओळ वाढली.

या व्यसनाची मुळं जुनी आहेत. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर पहिल्यांदा १९८२ मध्ये आला, पण कॅप्टनची त्याच्याशी गाठ पडली ती नव्वदच्या दशकाअखेर, एका सीडीतून. ती सीडी कुठून आली हे विचारू नये. तेव्हा विमान सुरू व्हायचं ते थेट शिकागोत, तळ्याकाठच्या मेग्ज फील्डवर. त्यामुळे ज्याने बडोदा धड पाहिलं नव्हतं, त्याला शिकागोची गगनचुंबी रांग पाठ झाली. पुढे मार्च २००३ मध्ये तिथल्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर लावून त्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. ही बातमी वाचून लिंबायतमध्ये एक माणूस रात्रभर तळमळला, हे शिकागोकरांना कधी कळलं नसेल. त्या सीडीत सुरत नावाला होती: हिरवट-तपकिरी सपाटी, तिच्यातून जाणारी निळी रेघ, संपलं.

ऑगस्ट २०२० मध्ये नवी आवृत्ती आली आणि सगळं बदललं. या वेळी उपग्रहाच्या चित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केलेली. दोन पेटाबाइटांहून जास्त माहिती, ३७ हजार विमानतळ, दीड अब्ज इमारती, असा कंपनीचा दावा. आता माणसाने कुठे जावं? आल्प्स, नायगारा, इजिप्तचे पिरॅमिड. कॅप्टनने सुरतेहून उड्डाण केलं, डावं वळण घेतलं आणि स्वतःच्या घराची गच्ची शोधायला लागला.

हे वाटतं तितकं सोपं नाही. सेसना तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला साठेक मीटर. दोनशे मीटरची सोसायटी तीन सेकंदांत पंखाखाली येऊन मागे पडते. शिवाय माणूस आयुष्यभर घर ओळखतो ते फाटकावरून, बाल्कनीतल्या तुळशीवरून, खालच्या पानटपरीवरून. वरून यातलं काहीच दिसत नाही. दिसतात फक्त गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या. म्हणून कॅप्टन खुणा लावतो. तापीचं वळण धरायचं, रेल्वेचे रूळ दिसले की उजवीकडे, मिठी खाडी ओलांडली की मनात पाच आकडे मोजायचे आणि खाली बघायचं. पहिल्या खेपेला तो शेजारच्या सोसायटीलाच घिरट्या घालून आला. घरी मात्र पाहिलं म्हणूनच सांगितलं.

आणि दिसलं तेव्हा त्याचा अपमान झाला. या सिम्युलेटरने निवडक मोठ्या शहरांच्या इमारती हवाई छायाचित्रांवरून हुबेहूब घडवल्या आहेत. बाकीच्या जगात ऑस्ट्रियातल्या एका कंपनीची कृत्रिम बुद्धी छपराचा आकार बघते आणि खाली कुठली इमारत असावी याचा अंदाज बांधते. त्या अंदाजाने कॅप्टनच्या चार मजली इमारतीला युरोपी वळणाचं उतरतं लाल छप्पर बहाल केलं. गच्चीवर पापड वाळत घालणार कुठे, असा घरातून रास्त प्रश्न आला. चौकबाजारचा सोळाव्या शतकातला किल्ला कुणाच्या तरी फ्लॅटस्कीमसारखा दिसत होता. पुलांची सुरत म्हणवणाऱ्या गावाचे निम्मे पूल तापीच्या पाण्यात पोट टेकून पडले होते. डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या खजोदच्या हिरेबाजाराचे पंधरा मजली नऊ मनोरे शोधायला गेला, तर तिथे मोकळं रान.

कॅप्टनचं सांत्वन केलं ते लंडनने. सुरुवातीच्या आवृत्तीत खुद्द बकिंगहॅम राजवाडा ऑफिसच्या इमारतीसारखा दिसत होता. मेलबर्नमध्ये तर एका साध्या वस्तीतून २१२ मजल्यांचा सुळका आभाळात गेला होता. कारण काय, तर ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात एका विद्यार्थ्याने २ मजल्यांच्या जागी २१२ टाइप केलं होतं. हे कळल्यापासून कॅप्टन स्वतः त्या नकाशावर गल्लीतल्या घरांचे मजले भरतो. मन लावून भरतो, खरे भरतो. बिल्डरने मंजुरीपेक्षा वर चढवलेला मजला भरावा की नाही, एवढाच पेच अजून सुटलेला नाही.

पण त्याचं खरं उड्डाण रविवारचं. त्या दिवशी तो नकाशा, कंपास, रेडिओ सगळं बाजूला ठेवतो आणि उधना-जळगाव रेल्वेचे रूळ धरतो. यात कमीपणा काही नाही. विमानं नवीन होती तेव्हा पट्टीचे वैमानिकही रूळ बघतच मुक्कामाला पोचत. साधारण तीनशे किलोमीटरचा हा तापी खोऱ्यातला मार्ग कॅप्टनने लहानपणापासून जनरलच्या डब्यात, बहुधा दाराशी उभं राहून केलेला. आता तो त्याच वाटेने हजार फुटांवरून बसून जातो, यातलं सुख ज्याने आखाजीच्या गर्दीत प्रवास केलाय त्यालाच कळेल. चलथाण, बारडोली, व्यारा, सोनगड. डावीकडे उकाईचं पाणी. मग नवापूर, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. इथे कॅप्टन न चुकता पंख हलवून सलामी देतो.

स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अहो, नवापूर आलं का?”

“आत्ताच गेलं.”

“मग भात टाकते. नंदुरबारला ताटं घेते, दोंडाईच्याच्या पुढे जाऊ नका.”

अमळनेर तालुक्यातल्या गावावर पोचायचं असेल त्या रविवारी जेवण उशिरा होतं. मागच्या खुर्चीत वडील बसलेले. त्यांना विमानाचं काडीचं कौतुक नाही. गावावर तीन चकरा झाल्या तरी ते विचारतात, “दारमातलं निंबनं झाड कोठे शे?” सिम्युलेटरने तिथे झाड दिलंय, पण कडुनिंब नाही, दुसरंच काहीतरी. वडिलांच्या मते म्हणजे गाव चुकलं. २०२४ च्या आवृत्तीत विमान उतरवून बाहेर पडता येतं, पायी फिरताही येतं, हे ऐकल्यापासून त्यांचा हट्ट एकच: वावरात उतरव आणि बांध दाखव. शेजाऱ्याने तो फूटभर सरकवलाय अशी त्यांची वीस वर्षांची तक्रार आहे. उपग्रहाचा पुरावा तलाठ्याला चालेल का, याची चौकशीही त्यांनी करून ठेवली आहे.

इतिहासाचा मोह कॅप्टनला आवरत नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर बागलाणमार्गे परतले, तेव्हा त्याच दिशेने आपणही जावं म्हणून तो एका रात्री निघाला. (शेजारच्या गुजराती दलालाला त्याने ‘नाशिकला चाललोय’ एवढंच सांगितलं.) उंची धरली तीन हजार फूट. साल्हेर १,५६७ मीटर, म्हणजे पाच हजार फुटांच्या वर. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोगलांची जी गत झाली, तीच सेसनाची झाली. पडद्यावर अंधार झाला, तरी कॅप्टनच्या चेहऱ्यावर अभिमान होता. किल्ला अजून मजबूत आहे.

हे सगळं सोसायटीत पसरलं आणि कॅप्टनचं घर म्हणजे बुकिंग ऑफिस झालं. सुरतेत बरेचजण बाहेरून आलेले. त्यामुळे ‘माझं घर दाखवा’ म्हणून येणाऱ्याला सुरतेतलं घर नकोच असतं. हिरे घासणाऱ्याला अमरेलीची वाडी बघायची असते, दुधवाल्याला राजस्थानातलं कुठलं तरी तळं. कॅप्टन कुणाला नाही म्हणत नाही. अट एकच: निघायचं सुरतेहून आणि पूर्ण रस्ता उडत जायचं. सिम्युलेटरमध्ये हव्या त्या गावावर थेट प्रकट होता येतं, पण त्याच्या लेखी ती विनातिकीट प्रवासासारखी लबाडी.

परवा लूमवर काम करणारा ओडिया तरुण आला. गाव गंजम जिल्ह्यात. कॅप्टनने वही काढली. सरळ रेषेत साडेबाराशे किलोमीटर, सेसनाला एका टाकीत पोचायचं नाही. नागपूरला सोनेगावात उतरून इंधन घ्यावं लागेल. एकूण सहा तास तरी लागतील, वर विदर्भात ढग आहेत. तरुणाने घड्याळ पाहिलं. सातला त्याची बारा तासांची पाळी सुरू होणार होती. “सर, सीधा गाँव पे नहीं खोल सकते?” त्याने नम्रपणे विचारलं. कॅप्टनने चष्म्यावरून असं पाहिलं, की त्याने पुन्हा विचारलं नाही. इंजिन सुरू झालं, ब्रेक, इंधन, फ्लॅप, म्हैस, सगळं वाचून झालं आणि विमान डुमसवरून पूर्वेकडे वळलं. बारडोलीपर्यंत तरुण थांबला. मग चपला घालता घालता दारातून म्हणाला, “ठीक है सर, मैं चलता हूँ. आप पहुँच जाओ तो फोन करना.”