व्हिगफील्ड आणि वधूचा मामा

नाचाबद्दलचं माझं ज्ञान अफाट आहे. ते गळ्याखाली उतरत नाही, एवढीच अडचण.

तुम्हाला म्हणून सांगतो, १९९० नंतरच्या युरोपी नाचगाण्यांवर परभणीत माझ्याइतकं कोणी बोलू शकत नाही, आणि मी बोलायला लागलो की ऐकायला कोणी थांबत नाही. व्हिगफील्ड तर माझा खास विषय. व्हिगफील्ड म्हणजे डेन्मार्कची सॅनी कार्लसन. गाणी इटलीत तयार झालेली, भाषा इंग्रजी. तिचं ‘सॅटरडे नाइट’ सप्टेंबर १९९४ मध्ये ब्रिटनच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. आयुष्यातलं पहिलंच गाणं असं पहिल्या फटक्यात वर नेणारी ती पहिलीच. त्याआधी ‘वेट वेट वेट’ नावाची मंडळी १५ आठवडे तिथं ठाण मांडून बसली होती, त्यांना या पोरीनं उठवलं. पुढच्या वर्षी तिचा पहिला अल्बम आला, नाव तिचंच.

आमच्या घरी तो पुण्याच्या मावसभावाकडून आला, कोऱ्या कॅसेटवर भरून. आषाढीला वडिलांना रेडिओवरचे अभंग टेप करायचे होते, हाताशी लागली ती हीच कॅसेट, आणि तेव्हापासून ‘थिंक ऑफ यू’ निम्म्यावर आलं की मागून टाळ सुरू व्हायचे. आजही अख्खं गाणं ऐकलं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. शनिवारी आमच्याकडे मारुतीला तेल आणि रात्री भगर-आमटी. त्या दिवशी नाचायला निघणारी बाई घरात चालणं शक्यच नव्हतं. खरं तर व्हिडिओत ती बिचारी टॉवेल गुंडाळून आरशासमोर केसच करत बसते, निघते कुठं? लग्नाला निघालेल्या आमच्या आत्यासारखीच ती. पण वडिलांना हे समजावणार कोण?

तर मुद्दा भाचीच्या लग्नाचा. पूर्वी आमच्याकडे आदल्या रात्री सीमांतपूजन उरकलं की पुरुषमंडळी पत्ते कुटायची. आता ‘संगीत’ असतं. नाच बसवायला संभाजीनगरहून एक मुलगी आणलेली, तिनं सगळ्यांना ‘झिंगाट’ वाटून दिलं, आणि मी मात्र मला व्हिगफील्डच पाहिजे म्हणून अडून बसलो. ‘सॅटरडे नाइट’चा नाच सुटीवर आलेल्या लोकांनी समुद्राकाठच्या क्लबांतून पसरवला म्हणतात. हात गोल फिरवायचे, थापा मारायच्या, शेवटी उडी घेऊन पाव वळण, की पुन्हा पहिल्यापासून. चार फेऱ्यांत चारी भिंतींचं दर्शन. हे सगळं मी त्या मुलीला बसून समजावलं. “काका, एकदा करून दाखवता?” ती म्हणाली. बहीण मध्येच बोलली, “राहू दे गं. बनी तो बनी, नाही तर परभणी.”

जिंतूर रोडच्या कार्यालयात माझ्यामागे दोन रांगांत भाचरं, अंगात नवा कुर्ता, पायात जरा सैल झालेल्या मोजड्या, समोर पहिल्या रांगेत वरपक्ष, अशा थाटात गाणं सुरू झालं. पहिल्या उडीला सगळी डावीकडे वळली आणि मी उजवीकडे. “मामा, उलटं फिरायलात!” धाकटा भाचा ओरडला. आता तिसरीतल्या पोराचं काय ऐकायचं? शिवाय दुसऱ्या उडीला गणितानं मला तारलं: उलट बाजूंनी अर्धं वर्तुळ फिरून आम्ही सगळे एकाच दिशेला आलो. पोरांनी आपली चूक सुधारली असं समजून मला इतका हुरूप आला की तिसरी उडी मी नको तेवढ्या उंच मारली. हवेत असतानाच कमरेत उसण भरली, उजवी मोजडी सुटली, झालरीला लागून खाली आली आणि व्याह्यांच्या पन्ह्याच्या पेल्याला आडवं करून त्यांच्या मांडीवर विसावली. पेला भरलेला होता.

क्षणभर सगळे गप्प. मग नवरदेवाच्या बहिणींनी मोजडी उचलून पदराआड केली. नवरदेवाचे जोडे आपल्या पोरींनी पळवायचे हे मी जन्मभर पाहत आलो, वधूच्या मामाची मोजडी वरपक्षानं पळवलेली परभणीनं प्रथमच पाहिली. ५०१ रुपये मागितले. जोडीची किंमत त्याहून कमी होती. बायकोनं ते तिथंच, मोठ्यानं, सगळ्यांना सांगितलं.

रात्रभर कमरेला शेक. सकाळी मुहूर्तावर गुरुजी पुकारू लागले, “मामा, मुलीला घेऊन या,” तेव्हा मी तिला आणत होतो की ती मला, हे व्हिडिओत पाहूनही कळत नाही. शालू, मुंडावळ्या, हातातला हार सांभाळून तिनं माझा दंड धरला होता आणि “हळू, मामा, हळू” म्हणत मला बोहल्यावर चढवलं. अक्षता वाटून झाल्या. सगळा मांडव उभा. माझं तोंड भिंतीकडे.

“मामा, इकडे वळा,” गुरुजी म्हणाले.

अक्षता घेऊन पुढे उभा असलेला धाकटा भाचा घसा फोडून ओरडला, “डावीकडून, मामा! डावीकडून!”