लेकानं असं बोलावं!

इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणाऱ्या मार्गदर्शिकेच्या कर्त्यास,



'हा प्रकार भारतीय विद्यार्थ्यांना सर्वस्वी अनोळखी. कारण शोधू नये, पाठ करावा,' असं तुम्ही सब्जंक्टिव्ह या क्रियापदाच्या रूपाबद्दल छापलंत. कुठले भारतीय विद्यार्थी भेटले होते हो तुम्हाला?

सीमाभागातल्या कंग्राळीत राहणाऱ्या माझ्या भाचीनं वहीत लिहिलं, 'मे आलेग्रो दे के एस्तास आकी'. तू इथं आहेस याचा मला आनंद वाटतो. 'एस्तास'वर लाल फुली, वर 'एस्तेस'. माणूस समोर उभा असताना साधं क्रियापद का चालू नये, हा तिचा प्रश्न. तुमचं उत्तर : सब्जंक्टिव्ह म्हणजे शंका. समोर उभ्या माणसाची कसली शंका?

खरं उत्तर तिच्या आजीच्या तोंडी आहे. "लेकानं असं बोलावं, ह्याचंच वाईट वाटतंय बघ!" लेक बोलला, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तरी आजी 'बोलावं' म्हणते, कारण तिला बातमी द्यायची नाही. ते बोलणं तिच्या मनाला लागलंय. हा आपला विध्यर्थ. स्पॅनिशमध्ये 'मे दुएले के' (मला दुःख होतं की), 'मे सोर्प्रेन्दे के' (मला नवल वाटतं की) यांच्यामागे क्रियापद असंच बदलतं.

फरक आहेच. घडलेल्या गोष्टीबद्दल मराठीत हे रूप दुःख, नवल, संतापाच्या वेळी येतं, तेही ऐच्छिक. 'बोलला याचं वाईट वाटलं' हेही चालतं. आनंदात आपण सरळ 'आलास, बरं झालं' म्हणतो. स्पॅनिश मात्र आनंदालाही सवलत देत नाही. फक्त दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असला की 'मे आलेग्रो दे एस्तार आकी' पुरतं, जसं आपल्याला 'इथं येऊन आनंद झाला' पुरतं. एवढं सांगायला अर्धं पान लागलं असतं.

आंद्रेस बेल्योनं 1847 साली चिलीत छापलेल्या व्याकरणात, स्पॅनिशला लॅटिनच्या साच्यात कोंबू नका, असं बजावलं होतं. तुम्ही तिला इंग्रजीच्या साच्यात कोंबलंत आणि मराठीकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. ज्या सीमाभागात मराठी शाळेसाठी, मराठी कागदपत्रांसाठी माणसं आजही झगडतात, तिथल्या पोरीला तिची भाषा इथं निरुपयोगी आहे असं तुम्ही शिकवावं, याची मला चीड येते.

पुढच्या आवृत्तीत 'कारण शोधू नये' ही ओळ काढा. शंकेची क्रियापदं वेगळ्या धड्यात घ्या, भावनेची वेगळ्या.

कळावे,
कंग्राळीची एक मराठी शिक्षिका